टिटवी उडेपर्यंत

१८ ऑगस्ट, बारामती

आज टिटवीच्या डाव्या पंखावर साखर रचली. खरी साखर, पोत्यातली. पंख पालथा घालून लाकडी घोड्यांवर ठेवला होता. उडताना हवा विमानाच्या पंखाला खालनं वर ढकलते, म्हणून पंख उलटा करायचा आणि वरनं वजन द्यायचं, म्हणजे तोच ताण येतो. आधी वाळूची पोती आणली होती. पण या दिवसांतली वाळू आज ओली, उद्या कोरडी, वजनाचा भरवसा नाही. साखरेच्या पोत्यावर वजन छापलेलंच असतं. युक्ती वैशालीची, विमानाचा नकाशाही तिचाच. गोडाऊनवाल्या शेठनं पोती उसनी दिली, एकही फुटता कामा नये या बोलीवर.

वैशाली (आता नुसतं वै. लिहीन, बोटं दुखतात) शिट्टी फुंकायची, हमालांनी एक थर चढवायचा आणि मागं सरायचं. पंखाचा शेंडा खाली खाली जात राहिला, उसाच्या ट्रॉलीचा पाटा दबतो तसा. शौकत, आमचा इंजिनवाला, डोळे मिटून उभा.

"आरं, डोळं उघड की."

"तुमी बघा तात्या. मी ऐकतो. कडकन वाजलं तर सांगा, पळतो."

नाही वाजलं. शेवटचा थर चढला, ठरलेला वेळ धरला, मग पोती उतरवली. पंख हळूहळू जागेवर आला, झोपेतनं उठल्यासारखा. हमालांचा म्होरक्या म्हणाला, "एवढी साखर खाऊन बी सरळ उठला. आमच्या सासऱ्याला एक पेढा झेपत न्हाय."

संध्याकाळी शेडभर मुंग्या.

२० ऑगस्ट

पंख पास झाला तरी वै. गप्पच होती. आज डबे उघडल्यावर बोलली. या विमानात पैसा घालणारे बंगळुरूचे जे लोक आहेत, त्यांचा निरोप आलाय. वर्षअखेरपर्यंत टिटवी हितल्या धावपट्टीवरनं उडाली तर पुढची विमानंही याच शेडमध्ये बांधायचा विचार करू. नाही उडाली तर सगळं ट्रकमध्ये भरून त्यांच्याकडं. साचे, हत्यारं, पंख, सगळं.

"आन् आमी?" शौकत.

"तुमाला ट्रकात भरता येतंय व्हय काका?" ती हसायला गेली, जमलं नाही. मग म्हणाली, "मला बोलावलंय तिकडं. जायाचं का न्हाय, ठरवलं नाही अजून."

शौकतनं भाकरीचा तुकडा तसाच डब्यात ठेवला. तो उपाशी मरणार नाही. इंदापूरला जाऊन पुन्हा ट्रॅक्टर खोलत बसेल. पण एकदा हे इंजिन हातात खेळवल्यावर... असो. माझं काय, कळंबला पोरगा ट्रॉल्यांचं वर्कशॉप बघतो, खुर्ची टाकून बसायला जागा आहे. पण बसवणार नाही.

६ सप्टेंबर

रिपरिप. पोटाच्या पत्र्याचे रिव्हेट आज पुरे झाले. मी आत आडवा, हातात लोखंडी ठोकळा. वै. बाहेरून रिव्हेटची गन मारते. मधे पत्रा, एकमेकांचं तोंड दिसत नाही, आवाजात बोलणं ऐकू येत नाही. म्हणून ठोक्यांची भाषा. मी आतनं एकदा ठोकलं, म्हणजे बसला. दोनदा, अजून मार. तीनदा, बिघडला, काढून टाक. आज तीनदा ठोकायची वेळ आली नाही.

बाहेर आल्यावर पाठ सरळ होईना. शौकत म्हणाला, "तात्या, तुमचाच एक रिव्हेट निसटलाय."

वै. पहिल्यांदा कळंबला आली तो दिवस आठवला. निरवांगीच्या नामदेवची ही धाकटी. त्याच्या बापाची मेंढरं आणि माझ्या बापाची, एकाच माळावर. ती नकाशा घेऊन आली आणि विचारलं, काका, एवढा पातळ पत्रा असा दोन्हीकडनं गोल वळेल का? मी ट्रॉलीचा माणूस, माझा पत्रा पायावर पडला तर बोट जातं. पण नकाशा मागून घेतला. इंग्रजी डिक्शनरी घेऊन एकेक शब्द लावत बसलो. सहा-सात पत्रे वाया घालवले. मग एक वळला. तिनं तो हातात धरून असा बघितला, जसं नवं बाळ बघतात. तेव्हापासून हितं. बारामतीत खोली केली, बायकोला, इंदूलाही आणलं.

नामदेवचा रोज फोन. "उडालं का रं?" जणू मीच धरून ठेवलंय.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज हत्यारांना सुट्टी. पाने, कात्र्या, ड्रिल, गना, सगळं धुऊन पुसून सतरंजीवर मांडलं. इंदू उजाडायच्या आत शेडमध्ये. टिटवीला अक्षरशः न्हाऊ घातलं. कापडी आवरणं, नळ्यांच्या तोंडावरच्या लाल टोप्या, सगळ्या काढून धुवायला टाकल्या. पुढच्या पंख्याला झेंडूचं तोरण. कणकेचे दिवे. इंदूनं जिथं भोक सापडेल तिथं उदबत्ती खोवली, घरच्या ट्रॅक्टरला जाळीत खोवते तशी. मोगऱ्याचा वास कोंदून राहिला.

वै.नं टिटवीच्या नाकाला कुंकू लावलं. आरती सुरू केली आणि मधेच विसरली. इंदूनं पुढं ओढून नेली. नारळ शौकतनं फोडला, दर वर्षी तोच फोडतो. "तात्याकडं दिला तर पत्रा चेपल."

दिवसभर कुणी कशाला हात लावला नाही. टिटवीकडं बघत बसलो. पाय उंच, अंग बारीक, डोकं पुढं. नाव शौकतनं ठेवलं. टिटवी कशी, जमिनीवरच तुरुतुरु पळते, उडायचं मनात आलं तरच उडते. कागदोपत्री लांबलचक नंबर आहे, तो कुणाच्या ध्यानात राहत नाही.

इंदू जाताना टिटवीच्या पोटावरनं हात फिरवून गेली. म्हणाली, "लेकराबाळांसाठी हाय नव्हं ही?" हो म्हटलं. चार माणसं बसतील, नाहीतर सीटा काढून एक स्ट्रेचर. आडगावच्या बाईला अवघड बाळंतपणात उचलून न्यायची असली तर. ती थोडा वेळ तिथंच उभी राहिली. आमचं पहिलं मूल बैलगाडीतच...

२२ ऑक्टोबर, पाडवा, कळंब

दिवाळीला घरी. नातवानं विचारलं, तुमचं विमान किती मोठं? म्हटलं, आपल्या जीपपेक्षा लांब, ट्रॉलीपेक्षा हलकं. तो हिरमुसला. त्याला मोठं पाहिजे होतं.

गावात चौकशा. "तात्या, पिकावर औषध मारंल का?" "मारंल." "लग्नात फुलं टाकंल का?" "टाकंल." "मग उडतं कवा?" इथं मी चहा मागवला.

२७ ऑक्टोबर

दिल्लीचा कागद आला! चाचणीची परवानगी. वै.नं तो वाचला, पुन्हा वाचला, मग माझ्या हातात दिला. मी पण वाचला, निम्मा कळला. शौकतनं कागदाला हात लावला नाही, हाताला ग्रीस होतं. लांबूनच मान वाकवून नमस्कार केला.

टोप्या, आवरणं पूजेनंतर जशी चढवली तशीच आहेत. धूळ नको म्हणून.

८ नोव्हेंबर

दिघे साहेब आले. हवाईदलातनं निवृत्त, पुण्यात राहतात, टिटवी पहिल्यांदा हेच उडवणार. बारीक, ताठ, बोलणं मऊ. टिटवीभोवती फेऱ्या मारल्या, प्रत्येक झडप उघडून मिटून बघितली. मग आम्हाला सगळ्यांना ओळीनं उभं केलं आणि एकेकाला एकच प्रश्न.

"तुम्ही यात बसाल?"

वै. म्हणाली, बसेन. शौकत म्हणाला, "इंजिन चालू आसंल तर बसतो साहेब." माझ्याकडं आले.

"बसतो की. खिडकीपाशी."

ते हसले. म्हणाले, "तात्या, सगळ्याच खिडक्या आहेत." पण मग जरा गंभीर होऊन सांगितलं, "माझा एकच नियम. एक जरी काटा खोटा बोलला, तरी मी त्या दिवशी उडत नाही. रागवायचं नाही." आम्ही कशाला रागावतो.

१३ नोव्हेंबर

टिटवी जमिनीवर चालली! हळू, माणूस पळेल एवढ्या वेगानं. शिकाऊ पोरांची विमानं सुरू व्हायच्या आत धावपट्टी आम्हाला देतात. थंडी. कारखान्यांची धुराडी सुरू झालीत, उसाच्या ट्रॉल्यांची गाणी रात्रंदिवस. पट्टीवर दोन मोर आले, ते हाकलायला मीच पळालो. शौकत लांबून ओरडतो, "तात्या, तुमी बी टेकऑफ घ्या!"

ब्रेक चांगले. वळते चांगली. दिघे साहेब उतरून म्हणाले, शहाणी आहे. मला एवढं बरं वाटलं की घरी येऊन इंदूला तीनदा सांगितलं.

१९ नोव्हेंबर

आज जोरात पळवायची होती. उडायचं नाही, फक्त नाक उचलेपर्यंत पळवायची आणि थांबवायची. टिटवी सुटली. आवाज छातीत वाजला. निम्म्या पट्टीवर एकदम इंजिनाचा आवाज उतरला, ब्रेक, थांबली.

दिघे साहेबांनी काच उघडली. "स्पीडचा काटा मेलाय. शून्यावर आहे."

जमीन पळताना डोळ्यानं दिसते. वर गेल्यावर वेग कळायला तोच एक काटा. वेग कमी झाला की विमान दगड होतं. एवढं मलाही कळतं.

ते रागावले नाहीत. हेल्मेट बगलेत धरून म्हणाले, "कारण सापडल्याशिवाय नाही." आणि पुण्याला गेले. वै.नं त्यांची गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत बघितली. मग खाली बसली, पट्टीच्या कडेला, तिथंच.

२० नोव्हेंबर

काटा काढला, दुसरा लावला. शून्य. डॅशबोर्डामागचे नळीचे सगळे जोड सोडवून परत आवळले. शून्यच. शौकत म्हणतो तार तुटली. वै. म्हणते यात तारच नाही, हवेनं चालतं. पंखाखाली एक करंगळीएवढी नळी पुढं तोंड करून असते, तिच्यात समोरची हवा घुसते, तिच्या दाबानं काटा हलतो. "म्हंजे फुंकर," शौकत म्हणाला. "व्हय, फुंकर."

शेडमध्ये आज कुणी कुणाची चेष्टा केली नाही.

२१ नोव्हेंबर

सापडलं.

वै.नं आतली नळी सोडवून तोंडानं हवा मारली. बाहेर यायला पाहिजे, येईना. पंखाखाली जाऊन लाल टोपी काढली, बॅटरी मारली. मग बारीक तार घातली आणि कोरायला लागली. पांढरट भुगा पडला. अजून कोरलं. एक टणक गोळी निघाली, तिच्यात काळी काडी रुतलेली. तिनं वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

मला वास घ्यायची गरज नव्हती. मोगरा.

कणीक. उदबत्ती नीट उभी राहावी म्हणून इंदू बुडाला चिमूटभर कणीक लावते, घरीही लावते. काडी तोंडाशी मोडली असणार, बुडखा आणि कणीक आतच राहिली. वर टोपी चढली. दीड महिना शेडच्या पत्र्याच्या उन्हात वाळून दगड. टोपी पळवायच्या वेळी काढली होती शौकतनं, पण आत डोकावला नाही. त्याच्यावर लक्ष ठेवायचं ते मी, मीही नाही. टोपी होती म्हणजे नळी स्वच्छच, असंच धरून चाललो सगळे.

शौकतनं जीभ चावली. वै.नं गोळी टेबलावर ठेवली. बराच वेळ नळीच साफ करत बसली, झाली होती तरी.

२२ नोव्हेंबर

इंदूला सांगितलं. जेवताना नको होतं सांगायला.

"माज्या हातनं?"

"हातनं झालं. मनात न्हवतं."

"त्या पोरीचं इमान माज्या कणकंनं अडलं." ताट सरकवून उठली.

आज शेडमध्ये दुसराच पेच. कारण लिहून बंगळुरूला आणि दिघे साहेबांना कळवायचं. शौकत हळूच म्हणाला, "कुंभारमाशी लिहा ताई. ती जगात कुठंबी नळीत मातीचं घर करती. परदेशात बी करती. कुणाचं नाव न्हाय, कुणाचा दोष न्हाय." आणि खरंच, तसं होतं. वै.च्या पुस्तकात त्या माशीचं चित्रच आहे.

वै. लॅपटॉपपुढं बसली. बोटं नुसती ठेवून. वळून मला विचारलं, "तात्या, तुमी काय म्हणता?"

मला म्हणायचं होतं, माशी लिही. बंगळुरूवाल्यांना निमित्तच पाहिजे होतं, ते मिळेल. ट्रक येईल. आणि इंदू मरेपर्यंत म्हणत राहील की माझ्यामुळं गेलं. हे सगळं ओठावर होतं. बोललो काय, तर "तुझं तू ठरव."

तिनं ठरवलं. टाइप करता करताच म्हणाली, "माशी लिवली तर दिघे साहेब नळीला जाळी बसवायला लावतील. माशी येणार न्हाय. कणीक पुढच्या दसऱ्याला परत येईल. आन् तवा कुणीतरी वर आसंल."

खरं ते लिहिलं. पूजा, उदबत्ती, कणीक, टोपी, न डोकावणं, सगळं. कुणाचं नाव घातलं नाही. पाठवून दिलं.

२४ नोव्हेंबर

बंगळुरूचा फोन. वै. बाहेर जाऊन बोलली. आत आल्यावर चेहऱ्यावर काही नाही. शौकतनं विचारलं, काय म्हणले?

"हसले आधी. मग म्हणाले, विमान विमानाच्या जागी बांधावं, हे आम्ही म्हणत होतोच."

"मंग?"

"उड्डाण करा, मग कळवू. झालं तरी कळवू, न्हाय झालं तरी कळवू."

म्हणजे आता नुसतं उडून भागत नाही. उडालं तरी ट्रक येऊ शकतो. टेबलावरची ती गोळी वै.नं टाकून दिली नाही, काचेच्या बाटलीत घातली. मी विचारलं नाही कशाला.

२९ नोव्हेंबर

इंदू शेडकडं फिरकत नाही. डबा माझ्याबरोबर पाठवते, सगळ्यांचा, पहिल्यापेक्षा जास्तच. काल मासवड्या. शौकत म्हणाला, "वहिनींना सांगा, राग आला तर रोज येऊ द्या." मी हे तिला सांगितलं नाही.

आज वै. स्वतः खोलीवर आली. मी बाहेर ओट्यावर बसलो, आतलं ऐकू येत होतं.

"काकू, दसऱ्याला काय करायचं मग आपण? पूजा बंद?"

"माज्याच्यानं आता न्हाय बाई."

"मग कोण करणार? मला आरती येत न्हाय. तात्यांना तर न्हायच येत."

मग इंदू, "त्या नळीचं तोंड केवढं आसतं?"

वै.नं काहीतरी दाखवलं असणार. शिलाईच्या मशीनचा आवाज आला. लाल खणाची नवी टोपी शिवली, तिला हातभर लांब शेपटी. लांबूनही दिसेल अशी. आणि वै.नं नियम केला, शेडच्या दारावर लावलाय. पूजा नाकाला आणि चाकाला. नळ्या, भोकं, फटी यांना कुणी हात लावायचा नाही. टोपी काढणाऱ्यानं आत बघायचं, आणि बघितलं असं मोठ्यानं म्हणायचं. शौकत आता सकाळी सकाळी बांग दिल्यासारखा ओरडतो, "नळी बघितलीऽऽ!"

४ डिसेंबर

दिघे साहेबांचा फोन, पहिल्यांदाच माझ्या मोबाईलवर. वाटलं, आता येत नाही म्हणतील.

"तात्या, तो रिपोर्ट वाचला. माझ्या नोकरीत असे रिपोर्ट मी फार वाचले, त्यात माशाच फार असायच्या." मग जरा थांबून, "मुलीला सांगा, पुढच्या आठवड्यात येतोय."

फोन ठेवल्यावर सांगायला गेलो आणि शौकतचा हातच धरून बसलो. शौकत म्हणाला, काय झालं, कोण गेलं का? नाही रे बाबा. येतंय कोणीतरी.

११ डिसेंबर

जोरात पळाली. काटा वर चढला, सरसर. नाक उचललं, पुढचं चाक बोटभर सुटलं, पुन्हा टेकलं. दिघे साहेबांनी अंगठा दाखवला. इंदू आली होती, कुंपणाशी लांब उभी. चाकाखाली ठेवायला लिंबू आणलं होतं, पण देईना. दिघे साहेबांनीच हात पुढं केला. "लिंबू चालेल हो वहिनी. लिंबू चाकाखाली असतं, नळीत नसतं." ती पदर तोंडाला लावून हसली. किती दिवसांनी.

१९ डिसेंबर

उडाली.

काय लिहू. सकाळी उसाच्या पाचटाचा धूर होता, तो विरायची वाट बघितली. वारा पडलेला. दिघे साहेब एकटेच. वै.च्या हातात रेडिओ. टिटवी धावली, धावली, आणि मग चाकांचा आवाज थांबला. मला आधी ते ऐकू आलं, दिसलं नंतर. चाकांचा आवाज नाही, नुसतं इंजिन. शौकत म्हणत होता, सोडली, सोडली, सोडली जमीन. मी काहीच म्हणत नव्हतो. तिच्या पोटाचा पत्रा उन्हात चकाकला, ज्याच्या आत मी आडवा पडत होतो, तो आता आभाळात.

गोल फिरून उतरले. उतरताना एकदा उडी मारली, मग बसली. शौकत रडला आणि वर म्हणाला डोळ्यात पाचटाची राख गेली. नामदेवला फोन केला. "उडालं रं." तो म्हणाला, "वैशी कुठं हाय? तिला दी." दिला. ती बोलली नाही, त्यानंही काही विचारलं नसावं. नुसता कानाला फोन.

दिघे साहेबांनी मग गंमत बाजूला ठेवून सांगितलं, डावा पंख जड आहे. सरळ ठेवायला सारखा हात लावावा लागतो. धोक्याचं नाही, पण बरं नाही.

डावा. साखर खाल्लेला.

बंगळुरूला कळवलं. उत्तर नाही.

२१ डिसेंबर

डाव्या पंखाच्या मागच्या हलत्या फळीला एक हातभर पट्टी असते, पत्र्याचीच. ती किंचित वर वाकवली की वाऱ्यात फळी आपसूक खाली राहते आणि पंख उचलून धरते. किती वाकवायची हे वै.नं गणित करून काढलं आणि कोनाचा साचा करून दिला. वाकवायला मला सांगितलं. दोन लाकडी फळ्यांत धरून, ओढून नाही, दाबून. साचा लावला, थोडं कमी. पुन्हा दाबलं. आता बसला.

वै. म्हणाली, "तात्या, हे न्हाय जमलं तर दुसरी पट्टी करू. आपल्याकडं पत्रा हाय." आपल्याकडं म्हणाली. तिनं तिकडं जायचं ठरवलं की नाही, विचारायचं धाडस मला होत नाही. तीही सांगत नाही. बहुतेक तिलाही फोनचीच वाट आहे.

२२ डिसेंबर, धावपट्टीच्या कडेला

इथंच बसून लिहितोय. गुडघ्यावर वही. टिटवी वर आहे, पश्चिमेला, उसावर. दिघे साहेब रेडिओवर बोलले ते ऐकू आलं, "हात सोडलेत. सरळ जातेय." वै.नं रेडिओ छातीशी धरला. शौकत खाली उकिडवा बसलाय, इंदू त्याच्या शेजारी, दोघं एकाच दिशेला तोंड करून.

आता वै.चा मोबाईल वाजायला लागला. बाकावर ठेवलाय, मला नाव दिसतंय. बंगळुरू.

शौकत उठून उभा राहिला. इंदूनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मला ठाऊक आहे, महिनाभर तेच बघतोय.

"ताई, फोन."

"दिसतोय काका."

"घ्या की."

"वाजू द्या." नजर वरच, डोळ्यावर हात. "आधी तिला खाली येऊ दे."

थांबला. पुन्हा वाजतोय. टिटवी वळली, आता तोंड आमच्याकडं आहे.